धवला कोणी उचलायचा

चंद्रावतीला विमानात बसवून दिलं तेव्हा तिच्या लेकाला, पुंडलिकला, हायसं वाटलं. वाटलं तर वाटलं, पण ते त्याच्या तोंडावर उमटलं आणि नेमकं तिनं पाहिलं. म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण लेकाच्या मनात काय शिजतंय ते तिला वासावरून कळायचं. जा आये, शांतीकडं चार दिवस राहा, युरोप बघ, असं तो म्हणत होता. ती मनात म्हणत होती, बाबा रे, तू मला बघायला पाठवत नाहीस, घालवतोयस.

कारण घरात लग्न होतं. पुंडलिकची मुलगी मालू, चंद्रावतीची नात, रोह्याला दिली होती. आणि त्या लग्नात चंद्रावतीनं तोंड उघडू नये अशी पुंडलिकची इच्छा होती.

आता आधी हे सांगितलं पाहिजे, नाहीतर घाटावरचे वाचणारे म्हणतील, एक म्हातारी गायली काय आणि न गायली काय, एवढा आकांत कशाला? तर पेणपासून धरमतरच्या खाडीपर्यंतच्या या आगरी गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी आला तर त्याला पाट देतात, चहा देतात, त्याचं काय असेल ते करू देतात. पण हळदीच्या जात्याला पहिला हात धवलारणीचा. मेढ रोवायची, चौक भरायचा, नवरीच्या अंगाला हळद लावायची, प्रत्येक कामाला तिचा वेगळा धवला, म्हणजे गाणं. त्या गाण्यात गावदेवीला, खाडीला, गेलेल्या माणसांना आणि जित्या माणसांना नाव घेऊन आवतण. आणि गंमत म्हणजे तिथं माणसाला बापाच्या नावानं नाही बोलवत. अमकीचा लेक, तमकीची लेक, असंच. ढोल नाही, पेटी नाही. एका बाईचा गळा आणि मागून झील धरणाऱ्या चार बाया, बस्स.

चंद्रावती हे सगळं सगुणाकडून शिकली. सगुणा तिची चुलत सासू. दोघी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या. बांधाच्या या टोकाला सगुणा एक ओळ सांगायची, त्या टोकाला पोचेपर्यंत चंद्रावतीनं ती पाठ करायची. पुढं चंद्रावतीचा नवरा लवकर गेला. तेव्हा एकजणी कुजबुजलीच, की पांढऱ्या कपाळाची बाई आता हळदीला कशी चालेल. सगुणा तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचा नवरा मेलाय, गळा नाय मेला." त्यानंतर त्या गावात कोणी चकार शब्द काढला नाही.

सगुणानं तिच्या डोक्यात एक नियम मात्र ठोकून बसवला होता. धवला तुटू द्यायचा नाही. गाणारीला ठसका लागला, रडू आलं, काही झालं, तरी ऐकणाऱ्यांपैकी ज्याला येत असेल त्यानं लगेच पुढची ओळ उचलायची. मग ती पाहुणी असो, नाहीतर वैरीण. आणि जिच्या तोंडून तुटला तिनं तो स्वतः जोडायचा नाही. दुसऱ्या कोणी उचलला तरच तो पुढं जातो. चंद्रावतीनं अर्ध्या तालुक्याच्या पोरी उजवल्या, पण तिच्या तोंडून धवला कधी तुटला नव्हता.

आणि अशा बाईचा लेक पुंडलिक. पेणच्या शाळेत असताना त्याला पोरं नावानं हाक मारायचीच नाहीत. ए धवलारणीच्या, म्हणायची. आई लग्नातून येताना पदरात लाडू, वडे बांधून आणायची, तेच त्याच्या डब्यात असायचं. आज कुणाच्या मांडवातलं खातोस रे, असं विचारून पोरं हसायची. ते हसू त्याच्या कानातून गेलंच नाही. मिठागरं गेली, कंपन्या आल्या, पुंडलिकनं डंपर घेतले, गुळगुळीत फरशीचा बंगला बांधला. तरी कोणी मोठ्यानं हसलं की तो आधी आपल्याकडं बघायचा.

मालूचं ठरल्यावर त्यानं आईला सांगितलं की रोह्याची माणसं शिकलेली आहेत, मुलगा कंपनीत आहे, त्यांना धवले-बिवले नको आहेत, डीजे ठरलाय. चंद्रावती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्यांना नको हायत का तुला?" पुंडलिक बाहेर निघून गेला. मालू दारात उभी होती. तिनं जवळ येऊन आजीला विचारलं, की तू गाशील ना? लहानपणापासून दुसऱ्यांच्याच हळदी पाहिल्यात मी. चंद्रावतीनं तिला शब्द दिला. मी जिती हाय तोवर तुझी हळद मुकी व्हायची नाय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुंडलिकला एकाएकी बहिणीचा पुळका आला. शांती, त्याची धाकटी बहीण, नर्स. आधी आखातात होती, आता इटलीत म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात. आईला एकदा बोलव, बोलव, म्हणून तिनं कितीदा सांगितलं तेव्हा याला वेळ नव्हता. आता मात्र पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं झटक्यात. चंद्रावती गेली, पण जाताना जात्याला हळकुंड बांधून, कापड झाकून गेली. मी येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, असं सुनेला बजावलं.

इटलीत शांतीनं तिला खूप हिंडवलं. मोठमोठी देवळं दाखवली, पुतळे दाखवले. चंद्रावतीला मोठी शहरं काही मानवली नाहीत. मुंबईच ही, नुसती थंड, असं तिचं मत पडलं. शांतीनं आणलेली पँट तिनं बाजूला ठेवली आणि गुडघ्यापर्यंतचं लुगडंच नेसली, वरून शांतीचा लोकरीचा कोट. लोक बघायचे. बघू देत की, ती म्हणायची, मी पण त्यांना बघतेच हाय. पण गाडीनं लहान लहान गावांकडं निघाल्यावर मात्र तिचा जीव रमला. डोंगरावर चढलेली गावं, दगडी बोळ, खिडक्यांत कुंड्या, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये दोरीवर वाळत घातलेली सगळ्यांची चड्डी-बंडी. हे बरं, लपवाछपवी नाय, ती म्हणाली. एका गावात चौकात एक म्हातारा छातीवर पेटी बांधून वाजवत होता. इकडं हातानं भाता ओढायचा, तिकडं बोटं फिरवायचा. ती दगडावर फतकल मारून बसली ती गाडीची वेळ टळेपर्यंत. दुसऱ्या एका गावात नुसत्या घंटा वाजत होत्या, एका टेकडीवरच्या देवळातून दुसरीवरच्या देवळात, सवाल-जवाब केल्यासारख्या. शांतीला वाटलं, आईला कंटाळा आला असेल. बघते तर आईचे ओठ हलत होते. ती त्या घंटांवर धवला बसवून बघत होती.

सगळ्यात शेवटी शांती तिला समुद्राकाठच्या एका गावात घेऊन गेली. त्या गावाचं नाव चंद्रावतीला शेवटपर्यंत घेता आलं नाही. ती त्याला मिठागराचं गाव म्हणायची. कारण स्टेशनातून बाहेर पडते तर काय, समोर मिठागर! तेच बांध, तेच चौकोन, तेच पांढरे ढीग. फक्त ढिगांवर गवताऐवजी कौलं घातलेली. चंद्रावती कोट सावरत तडक बांधावर उतरली, एक खडा तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडचं मिठागर बुजलं, त्यावर पुंडलिकचे डंपर उभे राहतात, आणि ही माणसं अजून मीठ काढतायत. तिला राग आला. कुणाचा ते तिला नीट सांगता आलं नाही, पण आला.

तिथून गावात चढून आल्या तो देवळासमोर गर्दी. एक लांबलचक काळी गाडी फुलांनी नुसती मढवलेली. आणि पायऱ्यांवर सात-आठ म्हाताऱ्या गात होत्या. वाद्य नाही, कागद नाही. एक पुढं म्हणत होती आणि बाकीच्या मागून झील धरत होत्या. चंद्रावतीच्या अंगावर काटा आला. अगो बाय, ही तर धवलारीण, ती म्हणाली. फुलांची गाडी म्हणजे लग्नच. पेणला नवरदेवाची गाडी अशीच सजवतात. शांती पाण्याची बाटली आणायला गेली होती, नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

मध्येच त्या गाडीवरचा भोंगा सुरू झाला. कसलं तरी तयार गाणं, मोठ्यानं. पुढं गाणारी म्हातारी थांबली. हाताची घडी घालून, ओठ मिटून गाडीसमोर उभी राहिली. तिच्या मागच्याही गप्प. आता बघा, चंद्रावतीच्या मनात काय आलं असेल? हिचा धवला तुटला! इथंही डीजेवाले पोचले! आणि उचलायला कोणी नाही! सगुणाचा नियम तिच्या हाडात होता. पाहुणी असो की वैरीण, धवला उचलायचा. तिनं पदर खोचला, पायरीवर चढली आणि त्या म्हातारीच्याच पट्टीत हळदीचा धवला सुरू केला. मिठागरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा गळा तो. भोंगा त्याच्यापुढं केविलवाणा वाटायला लागला. गाडीवाल्यानं गोंधळून तो बंद केला.

आणि मग देवळाच्या दारातून शवपेटी बाहेर आली.

चंद्रावतीला तेव्हा कळलं. मयताला हळद गायले! आपल्या गावात असं झालं असतं तर बायांनी झिंज्या धरून बाहेर काढलं असतं. पण तिनं गाणं थांबवलं नाही. थांबली असती तर पुन्हा तुटलं असतं. ती नुसती त्या म्हातारीकडं बघत राहिली. म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला आणि चंद्रावतीची ओळ संपते तिथून, त्याच सुरात, स्वतःचं गाणं उचललं. मागच्या बायांनी झील धरली आणि पेटी खांद्यावर चढली.

शांती धावत आली तेव्हा सगळं उरकलं होतं.  नंतर त्या बायांनी दोघींना घरी नेऊन जेवायला बसवलं आणि शांतीनं भीतभीत दुभाष्याचं काम केलं. पुढं गाणारी म्हणाली, की गेलेल्याच्या मुलाला आमचं गाणं जुनाट वाटतं. त्यानं गाडीवाल्याला रेकॉर्ड लावायला सांगितलं होतं. मी भांडले नाही, गप्प झाले. आमच्या गाण्याशिवाय या गावात पेटी उचलत नाहीत, म्हटलं बघू कोण उचलतं. चंद्रावतीनं शांतीला विचारलं, की मी लग्नाचं गायले हे सांगितलंस का? शांती नको नको म्हणत होती. चंद्रावती म्हणाली, सांग, खोटं खाऊन उठायचं नाय. शांतीनं सांगितलं.  मग गेलेल्याची बायको, काळ्या कपड्यांतली, रडून डोळे सुजलेली, ती म्हणाली की याच दारातून लग्न करून आम्ही दोघं बाहेर पडलो होतो. बरं झालं, जाताना त्याला लग्नाचं गाणं पुन्हा ऐकायला मिळालं.

मालूच्या हळदीला पोचायचंच, असा हट्ट धरून चंद्रावती परतीच्या विमानात बसली. त्या बायांनी घरी नेलं, पोटभर जेवू घातलं, याचं तिला कौतुक नव्हतं. ते काय, आपल्याकडंही पाहुणचार करतात. तिच्या मनात त्या म्हातारीची हाताची घडी बसली होती.

हळदीच्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर कपाटाएवढे स्पीकर उभे राहिले. पुंडलिकनं आईला एवढीच सूट दिली होती, की आतल्या खोलीत जात्यापाशी थोडंसं गा, दार लोटून. मांडवात नको. चंद्रावती बघू म्हणाली. आणि पुंडलिक आंघोळीला गेल्यावर तिनं झील धरणाऱ्या बायांना बोलावलं, जातं उचलायला लावलं आणि मांडवाच्या बरोबर मधोमध मांडलं. मालूला समोर बसवलं. खुंट्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली. गाण्यातून गावदेवी आली, खाडी आली, गेलेली सगुणासुद्धा येऊन बसली. मांडवातली माणसं हातातले कप खाली ठेवून ऐकायला लागली. मग हळदीच्या स्वागताची ओळ आली.

हळद आली गो दारी, तिला पाट कोन देई...

एवढ्यात पुंडलिक डोकं पुसत बाहेर आला. मांडवाच्या मधोमध जातं बघून त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. रोह्याची माणसं एवढ्यात पोचायची होती. त्यानं डीजेवाल्याला हातानं खूण केली. धाडकन आवाज झाला, मांडवाचे बांबू हादरले.

चंद्रावती थांबली. ओठ मिटले. एक हात खुंट्यावर तसाच, दुसरा मांडीवर. बायांचे चेहरे पांढरेफटक पडले. चंद्रावतीचा धवला तुटला! पुंडलिक वाकून तिच्या कानाशी काहीबाही बोलला, मग ओरडला, मग हात जोडले. खुंटा सोड म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हळद दळली नव्हती आणि तिचा हात काढून दळायची छाती मांडवात एकाचीही नव्हती. डीजे एकटाच बोंबलत होता, कोणी नाचत नव्हतं.

अशात रोह्याच्या बाया नवऱ्याची उष्टी हळद घेऊन उतरल्या. पुढं मुलाची आई, पुतळीबाय, चष्मा लावलेली, अंगणवाडीची बाई. तिनं डीजेवाल्याला आधी तो आवाज बंद करायला लावला, मग जात्याकडं बघून विचारलं की हे काय, अजून दळलं नाही? पुंडलिक चाचरत म्हणाला की आई जरा जुन्या वळणाची आहे, तुम्हाला धवले आवडत नाहीत हे तिला पटत नाही.

"आम्ही कधी म्हटलं?" पुतळीबाय म्हणाली.

तिचं म्हणणं असं, की त्यांच्याकडची धवलारीण वारली, दुसरी मिळाली नाही, म्हणून पोराची हळद भोंग्यावर उरकावी लागली आणि तिला ते लागून राहिलं होतं. पोरगी धवलारणीच्या घरची, म्हणून तर तिनं स्थळ पुढं रेटलं होतं. सुनेची हळद तरी धड होईल, एवढ्या आशेनं ती गाडीतून घाईघाईनं आली होती.

मांडवातली सगळी माणसं पुंडलिककडं बघायला लागली. मालू बापाकडं बघत होती, आणि तिचं बघणं सगळ्यांत वाईट होतं. पुंडलिक खाली मान घालून आईला म्हणाला, की झालं ते झालं, आता गा.

"तुटला तो," चंद्रावती म्हणाली. "माझ्या तोंडून तुटला, मी नाय जोडायची. कोनीतरी उचला."

उचलणार कोण? झील धरणाऱ्या बायांना झील तेवढी यायची. नव्या सुनांना डीजेची गाणी पाठ. पुतळीबायनं मान हलवली. मालूनं तोंड उघडलं, पण पुढची ओळ तिला कोणी शिकवलीच नव्हती, आणि ती रडायला लागली.  नातीला दिलेला शब्द आपणच मोडला की काय, असं चंद्रावतीला वाटलं. पण तिनं खुंटा सोडला नाही. मुकी हळद दळण्यापेक्षा ती लग्न थांबलेलं बघायला तयार होती.

आणि मग एक घोगरा, पुरुषी आवाज आला. धवला बायकांचा, बाप्यानं म्हणायचा नाही. पण तान्हेपणापासून दर लग्नात आईच्या मांडीवर पडून ज्यानं तो ऐकला होता, असा मांडवात एकच माणूस होता. पुंडलिक जात्यासमोर गुडघ्यावर बसला होता. ओल्या केसांतून पाणी गळत होतं.

"पाट देई पुंडलिक," त्यानं म्हटलं आणि तो अडला. पुढं आईचं नाव होतं. शाळेतल्या पोरांनी हसत हसत घेतलेलं, त्यानं उभ्या जन्मात चारचौघांत न उच्चारलेलं. मांडवात कोणी हललं नाही. 

"पाट देई पुंडलिक, चंद्रावतीचा ल्योक गो..."

चंद्रावतीनं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज होता तसाच करडा.

"सूर पडलाय," ती म्हणाली. "नाव बराबर घेतलंस. आता तेच परत म्हन, मोठ्यानं, रोह्यापर्यंत जाऊ दे." आणि तिनं खुंटा फिरवला.